सिल्व्हर फॉल्स उद्यान: आई-बाबांना कोणत्या महिन्यात न्यावे?

प्रश्न (बीव्हरटनकर)
माझे आई-बाबा जूनच्या अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे ऑरेगनला येत असून ऑक्टोबर संपेपर्यंत राहणार आहेत. सेलमच्या पूर्वेला असलेले सिल्व्हर फॉल्स उद्यान त्यांना दाखवावे असे मनात आहे. ठोसेघर पाहत मोठे झाल्यामुळे धबधबा म्हणजे पावसाळा हे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसले आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तेथे पाणी असेल का, अशी शंका वाटते. बाबा रोज चार-पाच किलोमीटर सहज चालतात, परंतु आईचे गुडघे दुखतात आणि उतारावर तिला अधिक त्रास होतो. केव्हा जावे, आणि तिला काय काय पाहता येईल?

उत्तर (सेलमवासी)
आम्ही तेथे बाराही महिने जातो. इकडे पावसाचे गणित उलटे आहे: तो ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन हिवाळाभर पडतो आणि जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. मोठे धबधबे उन्हाळ्यातही वाहतात, फक्त त्यांची धार बारीक होते. विंटर फॉल्स मात्र नावाप्रमाणे हिवाळ्याचाच. म्हणून आई-बाबा आल्याबरोबर एक फेरी करा आणि दुसरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, जेव्हा मेपलची पाने पिवळी झालेली असतात आणि पाणी पुन्हा वाढू लागते.

177 फुटांचा साउथ फॉल्स आईंना वरच्या कठड्यावरून, वाहनतळापासून थोडेसेच चालून, उत्तम दिसेल. त्याच्या मागे नेणारी वाट चांगली बांधलेली आहे, पण उतार बराच आहे. तो मोह त्यांच्यासाठी टाळावा.

उत्तर (कातळवेडा)
नॉर्थ फॉल्सचा वाहनतळ चुकवू नका, कारण तेथे दोघांचीही सोय होते. तेथून अप्पर नॉर्थ फॉल्सकडे जाणारी वाट छोटी आणि जवळजवळ सपाट आहे, ती आईंसाठी. बाबांनी मात्र पायऱ्या उतरून 136 फुटांच्या नॉर्थ फॉल्सच्या मागच्या प्रचंड कपारीत जावे. वर कठीण बेसाल्ट आणि खाली मऊ थर, तो थर झिजून ही कपार तयार झाली आहे. तेथे उभे राहून छताकडे पाहिले की गोल, खोल भोके दिसतात. लाव्हारसाने वेढलेल्या झाडांची खोडे नाहीशी झाली आणि त्यांचे साचे तेवढे उरले, ती ही भोके. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा. साताऱ्याच्या माणसाला हा काळा दगड ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

दहा धबधब्यांची संपूर्ण फेरी 7.2 मैलांची, म्हणजे साधारण साडेअकरा किलोमीटरची आहे. बाबांसाठी साउथ फॉल्स, लोअर साउथ फॉल्स आणि मेपल रिजच्या वाटेने परत, एवढी छोटी फेरी पुरे. तिच्यात धबधब्यामागून जाण्याचा अनुभव दोनदा मिळतो, मात्र मध्ये पायऱ्या बऱ्याच आहेत.

उत्तर (सेलमवासी)
एक राहिलेच: धबधब्यांमागची वाट तुषारांमुळे भर उन्हाळ्यातही ओली असते, म्हणून बाबांना चपलांऐवजी चांगली पकड असलेले बूट घालायला लावा. कुत्रा असेल तर घळीतल्या वाटेवर त्याला परवानगी नाही.

बीव्हरटनकर
मनापासून आभार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नॉर्थ फॉल्स आणि ऑक्टोबरमध्ये साउथ फॉल्स, असे ठरवले आहे. छतातल्या त्या साच्यांविषयी बाबांना आजच फोनवर सांगते.