बाळ बोट दाखवते तेव्हा त्याला काय हवे असते?

प्रश्न (जळगाव): माझी मुलगी ११ महिन्यांची आहे. अंगणातल्या कडुनिंबावर पोपट बसला की ती तिकडे बोट करते आणि लगेच वळून माझ्या तोंडाकडे पाहते. हा हट्ट समजावा का?

उत्तर (धुळे): ताई, हा हट्ट नव्हे. वस्तू मिळवण्यासाठी केलेली खूण वेगळी आणि आपण पाहिलेले आईनेही पाहावे म्हणून केलेली वेगळी, हा भेद बालभाषेच्या अभ्यासक एलिझाबेथ बेट्स व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडला. तिची ती वळलेली नजर फार मोलाची आहे. ‘हो गं, पोपट आला!’ असे जरूर म्हणावे.

प्रश्न (चोपडा): आमच्याकडे आजी अहिराणीतून बोलतात, चालेल ना?

उत्तर (धुळे): अवश्य. बाळ जिकडे बोट करते, त्याचे नाव त्याच वेळी कानावर पडले पाहिजे.