आफ्रिकन लेखकाने ‘आफ्रिका’च लिहायची का?

प्रश्न: नायजेरियन कादंबरीत लागोसचा बँकवाला आणि त्याचा घटस्फोट आला की ‘यात आफ्रिका कुठे आहे?’ असा शेरा हमखास येतो. ही अपेक्षा येते कुठून? आणि लिखाणावर नेमका काय परिणाम होतो?

उत्तर १: बराचसा वाटा प्रकाशनाचा. हाइनमन या प्रकाशनसंस्थेची ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ ही पुस्तकमालिका १९६२ साली लंडनहून सुरू झाली. पुस्तकं दूरवर पोचली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण ती अभ्यासक्रमात लागली आणि कादंबरी म्हणजे समाजाची माहिती, अशी सवय जडली. परिणाम बघा. बायको म्हणते, ‘एगुसी झालंय, जेवायला ये.’ संपादकाला खुलासा हवा. मग वाक्य होतं, ‘एगुसी, म्हणजे टरबुजासारख्या फळाच्या बियांचं कालवण, झालंय.’ स्वतःच्या नवऱ्याला असं कोण सांगतं? संवाद तिथेच मेला! त्यापेक्षा आधी तिला बिया कुटताना दाखवा. तेवढ्यावर भागतं, तळटीप नको की तिरपा टाइप नको.

उत्तर २: सगळं खापर पाश्चात्त्यांवर नको. नायजेरियन लेखक आमोस टुटुओलाची इंग्रजी कादंबरी ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ १९५२ साली आली. लंडनमध्ये वाहवा झाली, तर बरेच शिकलेले नायजेरियनच खवळले. असल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीने म्हणे आपली अब्रू जाते!

उत्तर ३: इंग्रजी सोडून आपल्या भाषेत लिहिलं की प्रश्न मिटतो, असंही नाही. केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांचं गिकुयू या त्यांच्या मातृभाषेतलं नाटक केनियात १९७७ साली बंद पाडलं, डिसेंबरात त्यांना अटक झाली. पुढची कादंबरी त्यांनी तुरुंगात टॉयलेट पेपरवर लिहिली. अर्थात तिथे आड आलं ते सरकार, वाचक नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत नको.