दराचा रकाना काढला आणि मागची बिलं बदलली! डीबीएमएस मिनी प्रोजेक्ट, मदत हवी आहे

खानापूरची पोर

नमस्कार. मी बेळगावात बीई कॉम्प्युटर सायन्सच्या चौथ्या सेमिस्टरला आहे, व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) २०२२ ची स्कीम, म्हणजे अभ्यासक्रम. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या, मिनी प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांनी लायब्ररी नाहीतर हॉस्पिटल घेतलंय. मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा हिशोब घेतला, कारण आमच्या दोन म्हशींचं दूध तिथंच जातं आणि सगळा कारभार डोळ्यासमोर चालतो. आता वाटतंय, लायब्ररीच बरी होती.

माझी टेबलं दोनच होती. सभासद टेबलात क्रमांक, नाव, गल्ली. संकलन टेबलात तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर. पहिल्या रिव्ह्यूला मॅडमनी त्या दरावरच बोट ठेवलं. दर हा जनावर, फॅट आणि एसएनएफवरून ठरतो, टेबलाच्या प्रायमरी की वरून (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायचे रकाने) थेट नाही. म्हणजे ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी (मधल्या रकान्यांमार्फत अवलंबून असणं) झाली, तिसरा नॉर्मल फॉर्म (अशी माहिती वेगळ्या टेबलात ठेवायचा नियम) मोडला. दरपत्रकाचं वेगळं टेबल कर आणि इथला दर काढून टाक. मला पटलं, पुस्तकातही तसंच आहे. काढला. बिल करताना जॉइन करून, म्हणजे दोन टेबलं जोडून, दर आणायचा, असं ठरवलं.

परवा सेक्रेटरी काकांनी नवं दरपत्रक दिलं. २१ तारखेपासून म्हशीच्या दुधाला लिटरमागं दोन रुपये वाढ. मी अपडेट मारला आणि मोठ्या हौसेनं आप्पांचं १ ते १० तारखेचं बिल पासबुकाशी ताडून बघायला बसले. पहिल्याच ओळीत पासबुकात २३४, माझ्याकडे २४३. म्हटलं, आकडे उलटे टाइप झाले. तासभर ती एकच एंट्री उलटीपालटी करून बघत होते. साडेचार लिटर, बरोबर. फॅट, बरोबर. मग खाली बघितलं तर सगळ्याच ओळी जास्तीच्या. ५२ च्या जागी ५४ लागला होता. दहा दिवसांच्या ८१ लिटरवर १६२ रुपये जादा. आप्पा म्हणाले, "वरचे पैसे कोण देणार, तुझं कॉलेज?"

आता दर परत संकलनात घातला तर मॅडम म्हणणार नॉर्मलायझेशन कळलं नाही. नाही घातला तर बिल चुकतं. शनिवारी दुसरा रिव्ह्यू आहे. फंक्शनल डिपेंडन्सीची (एक गोष्ट कळली की दुसरी ठरते, याची) व्याख्या मला पाठ आहे, पण खरं सांगायचं तर ती ओळखायची कशी हे कळलेलं नाही.

दुसरं, किरकोळ: मराठीत भरलेली काही नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. तेही सांगा कुणीतरी.

टिळकवाडी रात्रपाळी

दर परत घाल आणि मोकळी हो की. जगातलं एकही बिलिंग सॉफ्टवेअर जुन्या बिलाचा भाव नव्यानं काढत बसत नाही. तिसरा नॉर्मल फॉर्म परीक्षेपुरता.

निपाणीकर

रात्रपाळीवाल्यांचा उपाय बरोबर, कारण चूक. असलं उत्तर घेऊन ही पोर रिव्ह्यूला गेली तर मार्क जातील, आणि जायलाच पाहिजेत. मी पुण्यात डेटाबेसचंच काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

अगं, फंक्शनल डिपेंडन्सी टेबलातल्या ओळींकडे बघून सापडत नाही. ती तुझ्या गावाबद्दलची विधानं असतात. "जनावर, फॅट, एसएनएफ कळलं की दर एकच" हे वाक्य खरं की खोटं, ते सेक्रेटरी सांगणार, मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) नाही. तुझ्याकडे एकाच दरपत्रकाच्या काळातला डेटा होता, म्हणून ते वाक्य खरं वाटलं. ओळी बघून डिपेंडन्सी फक्त खोटी पाडता येते, खरी ठरवता येत नाही. २० तारखेला ६.५ फॅटचा दर एक आणि २१ ला त्याच फॅटचा दुसरा. पडली की नाही खोटी?

म्हणजे तिसरा नॉर्मल फॉर्म चुकला नाही, तू त्याला दिलेलं विधान अर्धं होतं. ई. एफ. कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० साली, आयबीएममध्ये असताना. दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म पाठोपाठ, १९७१ मध्ये. नॉर्मल फॉर्मचा मुख्य रोख एका गोष्टीवर होता: एक माहिती दहा ठिकाणी लिहिली की नऊ ठिकाणी बदलायची राहते. तुझं उलटं झालंय. तू दोन वेगळ्या माहित्या एकाच ठिकाणी लिहिल्यास. १० तारखेचा दर आणि २१ चा दर एकाच खणात, आणि अपडेट मारून पहिला पुसलास.

तेव्हा दरपत्रकात "लागू तारीख" घाल आणि तिला प्रायमरी की मध्ये घे: जनावर, फॅट, एसएनएफ, लागू तारीख. वाढ झाली की अपडेट नाही, नवीन ओळ. बिल काढताना दूध घातलेल्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची सर्वांत अलीकडची लागू तारीख शोधायची. सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) मॅक्स लावलास की झालं. मॅडमना पटेल आणि आप्पांचे २३४ परत येतील.

जाता जाता: संकलनाची प्रायमरी की काय धरलीस? तारीख, वेळ, सभासद एवढीच असेल तर ज्याच्याकडे गायही आहे नि म्हैसही, त्याची दुसरी किटली नोंदवताच येणार नाही. जनावर पण आत घे.

शहापूरची ताई

निपाणीकरांचं मान्य, पण एक पाऊल कमी पडलं. तारीख घातली तरी "तारीख, जनावर, फॅट, एसएनएफ कळलं की दर एकच" ही डिपेंडन्सी राहतेच. मग संकलनात दर ठेवायला पुस्तकाची परवानगी मिळत नाही. प्रश्न असा आहे की छापलेला दर आणि दिलेला दर या एकच गोष्टी आहेत का. मी कॉलेजात हाच विषय शिकवते आणि दर वर्षी मुलं इथंच अडकतात, कारण उदाहरणं सगळी कर्मचारी आणि विभागाची. विभागप्रमुखाबरोबर घासाघीस कोण करतो?

बाळ, संध्याकाळी जाऊन काकांना विचार: त्याच दिवशी, तेवढ्याच फॅट-एसएनएफच्या दोन म्हशींच्या दुधाला वेगळा दर कधी लावलाय का? "नाही, कधीच नाही" म्हणाले तर दर काढलेला ठेव. "हो" म्हणाले तर ती डिपेंडन्सी मुळात नाहीच आणि दर संकलनातच राहणार, तिसरा नॉर्मल फॉर्म पाळून.

नावांचं सांगते. मायएसक्यूएलमध्ये आधी हेक्स फंक्शन लावून बघ, ते साठलेले बाइट दाखवतं. देवनागरी नीट साठली असेल तर प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट दिसतील आणि सुरुवात ई० ने. तसं असेल तर डेटा शाबूत आहे, फक्त कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) चुकतोय. पण नुसते ३एफ, ३एफ दिसले तर खरोखरची प्रश्नचिन्हंच साठली आहेत. ती नावं गेली, परत टाइप करायला लागतील. बहुतेक टेबल लॅटिन१ मध्ये तयार झालंय, त्यात देवनागरी बसत नाही. यूटीएफ८एमबी४ कर. आवृत्ती ८.० पासून तेच आपोआप असतं, जुन्या आवृत्तीत सांगावं लागतं. आणि "पाटील" हे डोळ्याला तीन अक्षरं, चिन्हं मोजणाऱ्या कॅर लेंग्थला पाच, बाइट मोजणाऱ्या नुसत्या लेंग्थला पंधरा. रकान्याची लांबी ठरवताना हे लक्षात असू दे, मुलं इथं हमखास गोंधळतात.

टिळकवाडी रात्रपाळी

ताई, मान गये. मी शब्द मागे घेतो.

आणि पोरी, नावावर जॉइन करू नकोस हां कधी. आमच्याकडे संस्थेचं रजिस्टर कन्नडात, पासबुक मराठीत आणि आधार इंग्रजीत. एकाच माणसाची तीन माणसं होतात.

खानापूरची पोर

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी संस्थेत गेले. करंट गेला होता, फॅट मशीन बंद, त्यामुळं काका रिकामे होते आणि गप्पांना वेळ मिळाला.

ताईंचा प्रश्न विचारला तर हसायलाच लागले. दूध आंबट लागलं तर अर्ध्या दरानं घेतात. घरात आजारपण असलेला माणूस असेल तर कधी पाऊण. ते कुठं लिहिलेलं नाही, काका ठरवतात. म्हणजे डिपेंडन्सी नाही! शिवाय नव्या दराचं पत्र कधी दुपारी येतं, मग त्याच दिवशी सकाळी जुना दर आणि संध्याकाळी नवा. निपाणीकर सर, म्हणून लागू तारखेबरोबर वेळही घेतली.

आणि एक गोष्ट मी विचारली नव्हती, त्यांनीच दाखवली. वरून दर मागच्या तारखेपासून वाढून आला तरी काका जुनं पान खोडत नाहीत. दिवाळीला वाटतात तसा "फरक" म्हणून वेगळी ओळ घालतात आणि पुढच्या बिलात देतात. मी म्हटलं, जुनं पानच दुरुस्त केलं तर? म्हणाले, "त्या पानावर तुझ्या आप्पाची सही हाय. सही झाल्यावर आकडा बदलला तर उद्या दूध कोण घालंल?"

तर आता दरपत्रक वेगळं, त्यातला दर फक्त एंट्री करताना सुचवायला. दिलेला दर संकलनात. फरकाचं वेगळं टेबल. नावं मात्र ३एफच निघाली, एकोणीस सभासद परत टाइप केले.

शहापूरची ताई

छान. दिलेला दर सुचवलेल्या दरापेक्षा वेगळा असेल तर कारणाचा रकाना ठेव. मॅडम नक्की विचारतील.

खानापूरची पोर

विचारलंच! रिव्ह्यू झाला. डिपेंडन्सी का नाही हे सांगताना मी आंबट दुधाचं उदाहरण दिलं, तर मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, काका सकाळी एंट्री करतायत आणि त्याच क्षणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर कुणी बिल काढलं तर काय होईल? मला काहीच सांगता आलं नाही. आमच्या संस्थेत कॉम्प्युटर एकच आहे, असं म्हणाले.

निपाणीकर

हा हा. तो ट्रान्झॅक्शनचा प्रश्न आहे, आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) वाच आणि नवीन धागा काढ. इथं मावणार नाही.