बी विंगमधला बोका हरवलाय, सगळ्यांनी वाचा

(सोसायटीचा ग्रुप, मानपाडा, ठाणे)

बी-७०३: शेजारच्या वहिनींच्या वतीने लिहितेय, त्या सकाळपासून सगळे जिने धुंडाळतायत. ७०२ वाले गणपतीसाठी देवगडला गेलेत, त्यांचा चिकू वहिनींकडे होता. काल दीड दिवसाच्या विसर्जनाला खाली ताशा वाजला आणि तो उघड्या दारातून सटकला. पिवळा, पोट पांढरं, शेपटीचं टोक वाकडं. तो कधीच घराबाहेर पडलेला नाही.

ए-२०१: अरेरे! घोडबंदर रोडला गेला असेल तर अवघड आहे. मागे येऊरला बिबटेही आहेत.

सी-५०५: काकू, वहिनीही हे वाचतायत. घरात वाढलेलं मांजर घाबरलं की सहसा लांब जात नाही. मिळेल त्या अडोशाला शिरतं आणि हाक मारली तरी गप्प बसतं. पंपाची खोली, मीटर रूम, डक्ट, जिन्याखालचं भंगार, पार्किंगमधल्या गाड्यांखाली बघा. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च घेऊन फिरा, अंधारात डोळे चमकतात. दिसला तर धावू नका, पुन्हा पळेल.

डी-१०४: दुसऱ्याचं मुकं जनावर सांभाळायला घ्यायचंच कशाला?

बी-७०३: काका, तुम्ही गावी जाता तेव्हा घराची किल्ली कोणाकडे असते? त्याच वहिनींकडे. काल रात्रभर त्या झोपलेल्या नाहीत. आज त्यांना बोलू नका, शोधायला या.

ए-११०२: ७०२ ला इतक्यात कळवू नका. घरात गणपती बसलाय, गौरी तरी जेवू देत.

सी-५०५: ताई, हे मला अजिबात पटत नाही. चिकू त्यांचा आहे. शिवाय आपल्या कोणाच्या हाकेला तो येणार नाही, त्यांच्या आवाजाला येईल. आणखी दोन दिवस तो उपाशी राहिला तर अशक्त होईल. आत्ता फोन करा.

बी-७०३: वहिनींनी केला. रेंज नव्हती, तिसऱ्यांदा लागला. पलीकडून ७०२ ची ताई आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "काकू, तुम्ही जेवलात का?" त्याला बोलावतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. चिकूच्या कातडीखाली ओळखीची चिपही आहे, तिचा १५ आकडी नंबर दिलाय. कोणी उचलून डॉक्टरांकडे नेला तर स्कॅनरवर तोच नंबर येईल. तिची न धुतलेली ओढणी ७०२ मध्ये आहे, ती जिन्याखाली ठेवतोय.

डी-१०४: माझ्याकडे सुकट आहे. वास लांब जातो. देतो आणून.

सी-५०५: उत्तम, काका. वाटी पंपाच्या खोलीजवळ ठेवा आणि लांब व्हा. वॉचमन दादांनाही फोटो पाठवा.

बी-७०३: रात्री २ नंतर मी, वहिनी आणि काका. बाकी कोणी खाली येऊ नका, गर्दी नको.

बी-७०३: ३.२० वाजलेत. पंपाच्या मागे आहे, आवाज ओळखला त्याने. पिंजरा आणि जाड टॉवेल कोणाकडे आहे?

ए-११०२: माझ्याकडे आहे. दारात ठेवते, घेऊन जा.