प्रतिसाद: शिळी माहितीही कामाची असते

दादा, तुम्ही वर म्हणालात की चॅनेलची (टॉवर ते फोन वाटेत सिग्नल कसा बदलतो त्याची) माहिती फोनकडून टॉवरपर्यंत पोचेतो शिळी होते, मग ती गोळा करून उपयोग काय? पहिलं अगदी खरं. खानापूर-बेळगाव बसमधला फोन घ्या. ३.३ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ९ सेंमी. ताशी ६० किमी वेगाने बस जेमतेम ३ मिलिसेकंदांत अर्धी तरंगलांबी पुढे जाते आणि चॅनेल बदलतो.

पण उपयोग आहे! मद्दाह-अली आणि डेव्हिड त्से या संशोधकांनी २०१० मध्ये ते दाखवलं. टॉवरला दोन अँटेना, फोन दोन, प्रत्येकाला एक अँटेना. समजा एक फोन खडेबाजारात, दुसरा टिळकवाडीत. पहिल्या वेळी खडेबाजारवाल्याची दोन चिन्हं (संदेशाचे तुकडे) पाठवा, एकेका अँटेनावरून एकेक. त्याला दोन्हींचं मिश्रण, म्हणजे दोन अज्ञातांचं एकच समीकरण मिळतं, आणि त्याला हवं असलेलं दुसरं टिळकवाडीत ऐकू जातं. दुसऱ्या वेळी उलट, टिळकवाडीची दोन चिन्हं. आता कुणाला काय ऐकू गेलं, हे टॉवरला जुन्या माहितीवरूनच कळतं. तिसऱ्या वेळी तो त्या दोन 'चुकून ऐकलेल्या' समीकरणांची बेरीज पाठवतो. प्रत्येक जण आपल्याकडचं वजा करतो, उरलेलं त्याच्या कामाचं. ३ वेळांत ४ चिन्हं! माहितीच नसती तर ३, ताजी असती तर ६.

हे कागदावर सोडवलं तेव्हा मी थक्क झालो होतो. अर्थात हा हिशोब सिग्नल गोंगाटापेक्षा खूप जोरकस असतानाचा. शिवाय जुनी माहिती उशिरा चालते, चुकीची नाही. आणि दुसऱ्याचा चॅनेलही प्रत्येक फोनला कळवावा लागतो, तो खर्च वेगळा.