सीडीफोर ६२० असताना गोळ्या कशासाठी?

कृष्णाकाठ: ‘निवांत’ यांनी काल लिहिले की एचआयव्ही असला तरी सीडीफोर (रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ६२० असताना एआरटी (एचआयव्हीविरोधी गोळ्या) सुरू करणे म्हणजे न गळणाऱ्या घराची कौले काढणे होय, आणि ३५० च्या खाली येईपर्यंत वाट पाहावी. हे वाचून झोप उडाली. ५०० च्या वर सीडीफोर असलेल्या ४,६८५ जणांवरील ‘स्टार्ट’ चाचणीत, लगेच औषध घेणाऱ्यांपैकी ४२ जणांना गंभीर आजार किंवा मृत्यू आला, तर थांबलेल्यांपैकी ९६ जणांना. २०१५ साली ती चाचणी मुदतीआधीच आटोपती घेतली गेली. यांतल्या बहुतेक घटना सीडीफोर ५०० च्या वर असतानाच घडल्या, तेव्हा ६२० हे कसले कवच?

निवांत: साहेब, २००६ साली याच शास्त्राने माझ्या थोरल्या भावाला २०० पर्यंत थांबवले होते. मग स्टॅव्हुडिन हे एचआयव्हीचे औषध दिले. त्याचे गाल बसले, तळपाय असे जळत की तो रात्री ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपे. त्या थांबवण्याची क्षमा कोणी मागितली? आता २०१७ पासून ‘सर्वांना लगेच’ म्हणता, उद्या आणखी काही म्हणाल.

अंगणवाली: भाऊ, तुमचे दुःख खरे आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. माझ्या यजमानांनी गोळ्या सुरू केल्या तेव्हा सीडीफोर ३८ आणि वजन ४१ किलो होते. अकरा वर्षे व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) सापडत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री नऊची खूण मी स्वतः करते, तरी सीडीफोर २४० च्या पुढे गेलेला नाही. विषाणू आवरला म्हणून शरीराने गमावलेले सगळे परत मिळतेच असे नाही. उशीर केला की तो हिशेब कायमचा अंगावर बसतो.

रक्तनमुना: पण ताई, २४० चा एवढा धसका कशाला? वीस वर्षे प्रयोगशाळेत काढली, म्हणून सांगतो: एकाच माणसाचा आकडा सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त येतो, ताप असला की घसरतो, आणि लोक मात्र पन्नासच्या फरकावर नवस बोलतात. इंटरल्युकिन-२ (प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढवणारे प्रथिन) टोचून सीडीफोर वाढवून पाहिला गेला. २००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आकडा वाढला, आजार आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

अंगणवाली: धसका प्रयोगशाळेतल्या माणसाला नसतो, उशाशी बसणाऱ्याला असतो. आकडा फसवा असेल, तर ३८ असताना त्यांना झालेला क्षयही फसवाच होता का?

रक्तनमुना: तसे म्हणालो नाही. २०० च्या खालचा आकडा धोक्याचाच, हे मान्य. माझी तक्रार वरच्या आकड्यांच्या पूजेबद्दल आहे, आणि ती पूजा ‘निवांत’ही करतात.

कृष्णाकाठ: एक सूट मीच देतो. क्रिप्टोकॉकल (एका बुरशीमुळे होणारा) मेंदूज्वर असल्यास आधी बुरशीचे औषध देऊन एआरटी चार ते सहा आठवडे पुढे ढकलतात, कारण घाईने जागी झालेली प्रतिकारशक्तीच मेंदूत दाह करते. पण ‘निवांत’, आपल्याला तो आजार नाही. आपल्याला फक्त राग आहे.

निवांत: रागावर गोळी निघाली की कळवा. सोमवारी एआरटी सेंटरवर जातो, भाऊ असता तर त्यानेच हाताला धरून नेले असते. चौकटीच्या वहीत निळ्या पेनाने काढलेला माझा सीडीफोरचा आलेख मात्र मी बंद करणार नाही, ‘रक्तनमुना’ यांनी कितीही नाक मुरडले तरी.