ऑनलाइन गेममध्ये निवांत क्लास (पात्राचा प्रकार) कोणता घेतलात? (अनुभव सांगा)

पाणवठा:
काल भाचा नव्या गेममध्ये कॅरेक्टर बनवत बसला होता. सगळे क्लास दोनदा बघून झाले आणि म्हणाला, "मामा, यातला निवांत कोणता?" मला एकदम माझा हंटर आठवला.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम तसा २००४ सालचा, पण मी शिरलो २०१९ला, त्याची जुनी आवृत्ती "क्लासिक" म्हणून परत आली तेव्हा. दिवसभर कामावर लोकांची बोलणी ऐकायची आणि रात्री परत टँक होऊन मार झेलायला सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, हे मला नकोच होतं. म्हणून हंटर. दहाव्या लेव्हलला प्राणी पाळता येतो, तो पुढे जाऊन मार खातो, आपण लांबून बाण सोडायचे. मात्र त्या जुन्या हंटरचं प्राण्याशी नातं होतं. वेळेवर खायला घालावं लागे. प्राणी खूश असला तर त्याच्या हल्ल्याचा जोर २५ टक्क्यांनी वाढायचा, नाराज असला तर तेवढाच घटायचा आणि फारच दुर्लक्ष केलं तर सोडूनही जायचा. तिसाव्या लेव्हलला मेल्याचं सोंग घेता येऊ लागलं. राक्षसांचा कितीही गोतावळा मागे लागला तरी आडवं पडायचं, बहुतेक वेळा सगळे परत फिरायचे.

ते दिवस फार चांगले गेले. तुमचा कोणता? आणि का?

टिंबटिंब:
गिल्ड वॉर्स २ गेममध्ये मिनियन नेक्रो (नेक्रोमॅन्सर, मृतांचा जादूगार). विषय संपला.

टिंबटिंब:
बरं, थोडं लिहितो, मीटिंग उशिरा सुरू होतेय. बहुतेक स्किल्सच्या जागी मिनियन (बोलावलेले चाकर) भरायचे, ते आपणहून लढतात. शिवाय नेक्रोला श्राउड असतो, म्हणजे जवळजवळ दुसरी हेल्थच. आजूबाजूला कुणी मेलं की तो भरत जातो. चुकायला जागा मिळते, मला तेच हवं असतं. आणि २०१२ पासून लेव्हल ८०च्या वर गेलेली नाही, महिन्याची वर्गणी नाही. वर्षभर गायब राहून परत आलो तरी अंगावरचं गिअर (शस्त्रं-चिलखत) चालतं. माझ्या मते निवांतपणा क्लासपेक्षा गेममध्येच जास्त असतो.

उनाडवारा:
+१ शेवटच्या वाक्याला

मधली_सुट्टी:
मला सगळ्यांनी सांगितलं होतं, हीलर (इतरांना बरं करणारा) घे, बटणं कमी. फायनल फँटसी १४ मध्ये व्हाइट मेज हा हीलर घेतला. बटणं खरंच कमी आहेत. पण डंजनला (राक्षसांनी भरलेल्या तळघराला) चार जण, त्यात हीलर एकटीच. टँक उत्साहात खोलीतले सगळे राक्षस गोळा करून आणतो आणि सगळ्यांची हेल्थ माझ्या डोळ्यांपुढे घसरत असते. डंजनसाठी गट मिळायला रांगेत थांबावं लागत नाही हे सुख, कारण हीलर कमीच असतात. का कमी असतात तेही मग कळतं! बोटांना आराम आणि जिवाला घोर, हा माझ्यासाठी निवांत क्लास नाही.

मग समनर (राक्षस बोलावून लढणारा) घेतला. २०२१च्या एंडवॉकर या विस्तारात तो पूर्ण बदलला, आता इतका सरळ आहे की दोन-चार डंजनात हात बसतो. टायटन बोलावला की त्याचे वार चालता चालता होतात, उभं राहून मंत्र म्हणायला नको. आणि कुणी मेलंच तर उठवताही येतं, त्यामुळे हीलर असल्याचं थोडं समाधान उरतं. शिवाय तिथे एकाच कॅरेक्टरवर सगळे क्लास शिकता येतात. पाणवठा, भाच्याला सांगा, चुकीचा निवडला म्हणून काहीही वाया जात नाही.

बाळ उठलं. येते.

कोरीपाटी:
विषयाला धरून नाही, पण मनगटाच्या दुखण्यामुळे मी दीड-दोन वर्षं खेळणं सोडलं होतं. माझ्यासाठी "निवांत" म्हणजे आळस नाही, खेळता येणं आहे. २०२५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने एका बटणावर रोटेशन (वारांचा क्रम) चालवायची सोय दिली. प्रत्येक वाराला किंचित उशीर होतो, म्हणून वरच्या पातळीवरचे लोक वापरत नाहीत. मी वापरते. बीस्ट मास्टरी (पाळीव प्राण्यांवर भर असलेला) हंटर, पळता पळताही बाण सुटतात. परत आले तेव्हा गिल्डमधल्या (आमच्या खेळाडूंच्या गटातल्या) एकाही माणसाने माझ्या माराचे आकडे विचारले नाहीत, फक्त "आलीस!" म्हणाले.

पाणवठा:
कोरीपाटी, हे वाचून फार बरं वाटलं. मनगट आता कसं आहे?

कोरीपाटी:
बरंच बरं. उभा माउस घेतला, त्याने खूप फरक पडला.

उनाडवारा:
उभा म्हणजे हात मिळवतो तसा धरायचा तोच ना? आईला घ्यायचाय. लहान हाताला चालतो का?

कोरीपाटी:
हो तोच. लहान आकाराचा मिळतो, हातात धरून बघूनच घ्या.

झाडाखाली:
क्लासच नसलेला गेम चालेल का? ओल्ड स्कूल रूनस्केप. मी लाकडं तोडतो. झाडावर क्लिक करायचं आणि आपली कामं करायची, मध्येच येऊन पुढचं झाड. ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ अनुभवाचे गुण लागतात आणि ९२ला पोहोचलं की जेमतेम निम्मं झालेलं असतं. ऐकून लोक हबकतात. पण घाई नसेल तर हे गणित छान आहे, कारण त्या झाडाखाली रोज तेच चेहरे येतात. माझे दोन चांगले मित्र तिथलेच.

मधली_सुट्टी:
झाडाखाली, मग फायनल फँटसीत फिशर व्हाच! दर दोन तासांनी बोट सुटते, २४ जण मासे धरायला. अर्धा वेळ गप्पाच.

उनाडवारा:
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या पांडारेनची (पांडा-माणसांची) गोष्ट माहीत आहे ना? २०१२ला ती जमात आली. सुरुवात एका महाकाय कासवाच्या पाठीवर होते आणि लढणाऱ्या दोन पक्षांतला एक निवडेपर्यंत तिथून बाहेर पडता येत नाही. एका खेळाडूने पक्षच निवडला नाही. तिथेच फुलं खुडून आणि खाणी खणून शेवटच्या लेव्हलला पोहोचला. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पराक्रम हाच.

जुनी_छत्री:
मी उलटं सांगतो. क्लासिकमध्ये पॅलाडिन (धर्मयोद्धा) निवांत म्हणून घेतला. एकट्याने हिंडताना आहेच तसा: एक सील (शस्त्राला जोर देणारा मंत्र) लावायचं आणि हातोडा आपोआप चालतो, मरणं कठीण. पण ४० जणांच्या रेडला (मोठ्या मोहिमेला) नेलं की सगळ्यांना आशीर्वाद (ताकद वाढवणारे मंत्र) वाटत फिरायचं. साधा आशीर्वाद पाच मिनिटं टिकतो. मोठा पंधरा मिनिटं, त्याला सामान लागतं. गिल्डमधला एक मोठा माणूस तर सरळ म्हणाला, पॅलाडिनने हीलच करायचं, हातोडा बँकेत ठेव. मी दुसऱ्या गिल्डमध्ये गेलो. क्लास निवडताना लोक फक्त स्किल्स बघतात. ग्रुपमध्ये त्या क्लासकडून काय मागतात ते आधी विचारा, निम्मा थकवा तिथून येतो.

टिंबटिंब:
छत्री, हे अगदी खरं. मीटिंग संपली एकदाची.

पाणवठा:
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो आता विचारतोय, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये काय? त्याचे मित्र तिकडे आहेत.

उनाडवारा:
सॉर्सरर (जादूगार). सोबतीला बोलावलेला प्राणी आणि हातात विजेची काठी, नुसता हेवी अटॅक (जोराचा वार) दाबून धरायचा. पुढे ओकनसोल अंगठी मिळवायची, २०२२ची आहे. तिने शस्त्रं बदलणं बंद होतं, म्हणजे पाच स्किल्स आणि एक अल्टिमेट (सगळ्यात मोठा वार), एवढंच सांभाळायचं. पण ती उत्खनन करून शोधावी लागते आणि डीएलसी (गेमचा जादा भाग) लागतं, आधी नुसता सॉर्सरर खेळू दे.

पाणवठा:
बनवला! नाव काय ठेवू म्हणून विचारतोय.

झाडाखाली:
सर्व्हर कोणता? युरोपवर असेल तर माझी मुलगी आहे तिकडे, सुरुवातीचं सामान देईल.